वेधशाळेचा वारस

गेल्या हिवाळ्यांत आमच्या महाविद्यालयाची सहल जयपुरास गेली होती. सहलीहून परतल्यावर एके दिवशीं दुपारीं एक विद्यार्थी आमच्या खोलींत येऊन बसला. घनसावंगी तालुक्यांतील एका शेतकऱ्याचा हा मुलगा. बोलणें बेताचें, पण बोलेल तें विचार करून. जंतरमंतर पाहिल्यापासून त्याच्या मनांत कांहीं तरी घोळत होतें. तो म्हणाला, “सर, एवढा राजा, एवढा खर्च, एवढाले दगड; आणि तो वारल्यावर तेथें नेमानें आकाश पाहणारें कोणी उरलें नाहीं. मग ती वेधशाळा वायां गेली असें म्हणायचें का? आणि वायां गेली असेल तर चूक कोणाची, त्याची कीं मागच्यांची?”

आम्हीं त्या वेळीं शिक्षकाच्या संवयीनें एक तयार उत्तर दिलें: हेतु थोर होता, काळ प्रतिकूल होता. तो ‘हो सर’ म्हणाला आणि गेला. परंतु त्याचें समाधान झालें नव्हतें, व खरें सांगावयाचें तर आमचेंहि झालें नव्हतें. काळाला दोष देणें सोपें असतें, कारण काळ उत्तर देण्यास येत नाहीं. सत्कार्य त्याच्या कर्त्याबरोबर संपलें तर त्याचा जाब कोणाला विचारावयाचा, हा प्रश्न नीतीचा आहे. आणि जयसिंहाच्या वेधशाळांइतकें त्याचें स्पष्ट उदाहरण दुसरें आमच्या पाहण्यांत नाहीं.

सवाई जयसिंहाचा जन्म १६८८ चा. महाराष्ट्राशीं त्याचा पहिला संबंध आला तो तलवारीनें: औरंगजेबाच्या सैन्यांतून हा कोवळा राजा १७०१ सालीं खेळण्याच्या, म्हणजे विशाळगडाच्या, वेढ्यास आला होता. दुसरा संबंध विद्येचा. ज्या जगन्नाथपंडिताकडून त्यानें युक्लिडाची भूमिति ‘रेखागणित’ या नांवानें आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ ‘सम्राट्सिद्धान्त’ या नांवानें अरबीवरून संस्कृतांत आणविला, तो पंडित महाराष्ट्रीय ब्राह्मण होता अशी प्रसिद्धि आहे. राज्यकारभार, मोगल दरबारची खटपट, नव्या जयपूर शहराची १७२७ मधील उभारणी, हें सर्व सांभाळून या माणसानें दिल्ली, जयपूर, उज्जयिनी, मथुरा आणि काशी अशा पांच ठिकाणीं वेधशाळा बांधल्या. पहिली दिल्लीची, १७२४ च्या सुमारास.

त्यानें दगडच कां निवडला, याचें कारण त्याच्या फारसी कोष्टकग्रंथाच्या, ‘झीज-इ-मुहंमदशाही’च्या, प्रस्तावनेंत दिलें आहे. पितळेचीं यंत्रें आकारानें लहान. त्यांवर कलांचे विभाग पाडतां येत नाहींत. आंस झिजतो, मध्य सरकतो, पातळी ढळते. तेव्हां चुनादगडांत, हलणार नाहींत आणि झिजणार नाहींत, अशीं प्रचंड यंत्रें उभारावीं असें त्यानें ठरविलें. आणि एकाच ठिकाणचा वेध चुकीचा असूं शकेल म्हणून तो पडताळून पाहण्यासाठीं इतर शहरींहि तशींच यंत्रें बांधविलीं. हें दुसरें कारण आम्हांस पहिल्याहून मोलाचें वाटतें. ज्याच्या शब्दाला आव्हान देणारा राज्यांत कोणी नाहीं, त्यानें स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवून चार साक्षीदार उभे करावे, ही गोष्ट राजेलोकांत सहसा आढळत नाहीं.

जयपूरच्या थोरल्या सम्राटयंत्रापुढें उभें राहिलें म्हणजे छाती दडपते. सुमारें नव्वद फूट उंचीची ती त्रिकोणी भिंत ध्रुवाकडे रोखलेली. दोन्ही बाजूंस पन्नास फूट त्रिज्येच्या दगडी कमानी. त्यांवर घटिकापळांच्या रेघा. हिशेब केला तर एका मिनिटांत भिंतीची सावली कमानीवरून अडीच इंचांहून थोडी अधिक सरकते, म्हणून दोन सेकंदांपर्यंतचे विभाग तेथें कोरतां आले. येथपर्यंत सर्व ठीक. पण सूर्य हा बिंदु नाहीं. त्याचें बिंब अर्ध्या अंशाचें आहे. त्यामुळें भिंतीच्या कडेची सावली एका रेघेंत संपत नाहीं, पांच इंचांच्या पट्ट्यांत हळूहळू विरते. हा पट्टा म्हणजेच दोन मिनिटें. दोन सेकंदांच्या रेघा आणि दोन मिनिटांचा धूसरपणा! सावलींत दोरा धरून, डोळा लावून, अनुभवी वेधकर्ता या धूसरपणांतून मध्य काढूं शकतो. पण यंत्र मोठें केल्यानें धूसरपणाहि त्याच प्रमाणांत मोठा होतो, ही अडचण कोणत्याहि दगडानें सुटण्यासारखी नव्हती. षष्ठांशयंत्राच्या अंधाऱ्या कोठडींत मात्र बारीक छिद्रांतून सूर्याचें बिंबच अंशांच्या रेघांवर पाडण्याची युक्ति आहे, आणि ती खरोखर सुंदर आहे.

फळ काय निघालें? जुन्या सिद्धान्तांत सूर्याची परमक्रांति चोवीस अंश धरलेली आहे, आणि आमचे गणक शतकानुशतकें तीच धरीत आले. जयसिंहाच्या १७२९ च्या वेधांत ती २३ अंश २८ कला आली. आजच्या गणितानें त्या वर्षींची क्रांति काढली तर अंतर एका कलेच्याहि आंत पडतें. म्हणजे तेथें कोणी तरी खरेंच पाहिलें होतें. पोर्तुगालास फादर फिगेरेदो यांच्याबरोबर त्यानें आपलीं माणसें पाठविलीं. तीं ला हीर या फ्रेंच ज्योतिष्याचीं कोष्टकें घेऊन आलीं. तीं पडताळून चंद्राच्या स्थानांत अर्ध्या अंशाची चूक असल्याचें त्यानें लिहून ठेविलें. युरोपांतून आलें म्हणून मानलें नाहीं आणि म्लेंच्छांचें म्हणून टाकलें नाहीं. उलट बाजूहि सांगितली पाहिजे. त्याच्या ग्रंथांतील ताऱ्यांची यादी नवी नाहीं. ती समरकंदच्या उलुगबेगाची, प्रत्येक ताऱ्याच्या भोगांत ४ अंश ८ कला मिळवून घेतलेली. दुर्बीण त्याला ठाऊक होती, शुक्राच्या कला आणि गुरूचे चंद्र यांचा उल्लेख त्यानें केला आहे. पण ती मापनाच्या यंत्रावर बसवावी हें तेथें घडलें नाहीं. त्याच १७२९ सालीं ब्रॅडले यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें ताऱ्यांचें असें एक सूक्ष्म चलन मांडलें कीं जें उण्यापुऱ्या वीस विकलांचें आहे, म्हणजे एका कलेचा तिसरा हिस्सा.

पुष्कळ लेखक येथें थांबतात आणि निकाल देतात: साधन चुकलें, सबब प्रयत्न फसला. आम्हांस हा निकाल न्यायाचा वाटत नाहीं. साधनाची निवड ही बुद्धीची गोष्ट आहे. त्यांत चुकणाऱ्याला अज्ञानी म्हणतां येईल, अपराधी म्हणतां येणार नाहीं. शिवाय चुकीचें साधन रोज वापरणारा मनुष्य आज ना उद्यां त्याची चूक ओळखतो. वीस वर्षें सावलीशीं झगडणाऱ्या एखाद्या वेधकर्त्याच्या शिष्यानेंच दुर्बीण भिंतीवर बसविली असती. पण त्याला गुरूनंतर त्याच जागीं बसावयास मिळावयास हवें होतें. खरा प्रश्न त्या जागेचा आहे.

येथें ग्रीनिचकडे पाहावें लागतें. आमची पिढी इंग्रजी शिकली म्हणून तें उदाहरण आधीं सुचतें, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण दोन्ही गोष्टी एकाच काळच्या आहेत. १६७५ सालीं स्थापन झालेल्या त्या वेधशाळेचा पहिला अधिकारी फ्लॅमस्टीड याला वर्षाला शंभर पौंड मिळत, आणि यंत्रें स्वतः पाहावीं असा हुकूम. तो १७१९ च्या अखेरीस वारला, तेव्हां वारसांनीं यंत्रें आपलीं म्हणून उचलून नेलीं. पुढचा अधिकारी हॅले याला नुसत्या भिंती मिळाल्या. त्याचें चौसष्टावें वर्ष चालू होतें. त्यानें सरकारकडून पैसे मागून नवीं यंत्रें मिळविलीं आणि चंद्राच्या अठरा वर्षांच्या चक्राचे वेध घेण्यास आरंभ केला! लोक हसले असतील. त्यानें तें चक्र पुरें केलें आणि १७४२ सालीं डोळे मिटले. त्याच्या जागीं ब्रॅडले आला. पुढच्याच वर्षीं जयपुरांत जयसिंह वारला. ग्रीनिचला यंत्रें गेलीं, पण जागा राहिली. जयपुरास यंत्रें राहिलीं. तीं कोणाला उचलून नेतांच येण्यासारखीं नव्हतीं. पण मनुष्य गेल्यावर भरावयाची जागाच तेथें नव्हती.

यावर कोणी म्हणेल कीं इंग्रजांना आकाशाचें प्रेम नव्हतें, समुद्राची भीति होती. जहाजांना रेखांश हवा होता म्हणून ती जागा टिकली. खरें आहे. गरज ही सद्गुणाहून चिवट असते. आमच्याकडे पंचांगाची गरज होती, पण ती चुकीच्या पंचांगानेंहि भागत होती: एकादशी सर्वांनीं मिळून चुकीच्या दिवशीं केली तर कोणाचें तारूं बुडत नाहीं. मग जयसिंहाला दोष कशाचा? आमच्या मतें याचा, कीं टिकाऊपणाची युक्ति त्याच्या समाजाला ठाऊक होती आणि ती त्यानें येथें वापरली नाहीं. देवळांतील नंदादीपाच्या तेलासाठीं इनाम लावून देण्याची रीत या देशांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. राज्यें गेलीं, धनी बदलले, दिवे पुष्कळ ठिकाणीं जळत राहिले. कारण दिवा विझला तर गांव बोलत असे. जयसिंहानें पंडितांना पदव्या दिल्या, जमिनी दिल्या, अश्वमेध केला. पण सम्राटयंत्राच्या पायऱ्या रोज चढणें हा कोणाचा तरी वंशपरंपरेचा किंवा नेमणुकीचा धर्म आहे, आणि तो चुकला तर विचारणारा कोणी आहे, अशी व्यवस्था उभी राहिली नाहीं. सारें काम त्याच्या आवडीवर उभें होतें. राजाची आवड हा फार मोठा आधार आहे, पण तो एका आयुष्यापुरता. आणि त्याला सूचना मिळालेली होती. उलुगबेगाला १४४९ सालीं त्याच्याच मुलाच्या हुकुमानें मारण्यांत आलें आणि समरकंदची वेधशाळा मातीखालीं गेली. उलुगबेगाच्या ग्रंथांतील तारे जयसिंहानें घेतले. त्याच्या मरणांतील धडा घेतला नाहीं.

आतां मागच्यांकडे वळूं, आणि येथें आम्हां मराठ्यांना मान खालीं घालावी लागते. जयसिंहाच्या मुलांत गादीचा तंटा लागला, त्यांत खंडणीच्या आशेनें पुण्याचे सरदार कधीं एका बाजूस, कधीं दुसऱ्या बाजूस उतरले. डिसेंबर १७५० मध्यें होळकरांची फौज जयपुराजवळ आली असतां ईश्वरीसिंहानें विष घेऊन जीव दिला. पुढच्याच महिन्यांत त्या शहरांत मराठ्यांची कत्तल झाली. अशा शहरांत कोण कमानीवरची सावली पाहणार! तरी ही झाली धामधुमीची गोष्ट. उज्जयिनीचें काय? तें शहर शिंद्यांकडे आलें आणि १८१० पर्यंत त्यांच्या राजधानीचें होतें. क्षिप्रेच्या कांठीं जयसिंहाची वेधशाळा, आणि भारतीय ज्योतिषाची मूळ रेखा जेथून मोजावयाची तें नगर, दोन्ही मराठ्यांच्या हातीं. विल्यम हंटर नांवाचा इंग्रज विद्वान् अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथें गेला, तेव्हां त्याला जयसिंहाच्या एका ज्योतिष्याचा नातू भेटला. त्या तरुणाला सिद्धान्तांचें चांगलें ज्ञान होतें. थोड्याच दिवसांत तो वारला, आणि जयसिंहाची विद्या त्याच्याबरोबर संपली, अशा अर्थाची नोंद हंटरनें करून ठेविली आहे. शिंद्यांच्या राजधानींत हा वारस जिवंत होता, आणि त्याची विचारपूस परक्यानें केली.

शिंद्यांना नव्या विद्येचें वावडें होतें असें मात्र कोणी म्हणूं नये. त्याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यांत आहे. भोकरदनच्या पुढें, केळणा आणि जुई या नद्यांच्या मध्यें असई गांव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं तेथें दौलतराव शिंद्यांच्या सुमारें शंभर तोफा होत्या, युरोपी पद्धतीनें ओतलेल्या आणि युरोपी पद्धतीनें डागलेल्या. त्यांच्या अचूकपणाचें भय शत्रूनेंहि कबूल केलें. तोफेच्या नेमाला लागणारें गणित शिकविण्यास माणसें मिळालीं, पगार मिळाले, कारखाने उभे राहिले. त्याच दिवसाची दुसरी गोष्ट शाळेंतील मुलांनाहि सांगण्यासारखी आहे. नदीला उतार नाहीं, असें वाटाडे वेल्स्लीला शपथेवर सांगत होते. त्यानें दुर्बिणींतून दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गांवें पाहिलीं. इतक्या जवळच्या दोन गांवांना येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे असें अनुमान बांधलें, आणि तेथून फौज पार नेली. वाटाड्यांचा शब्द एका बाजूला आणि डोळ्यांनीं पाहिलेलें दुसऱ्या बाजूला, असा तो प्रसंग होता.

आप्तवाक्य आणि प्रत्यक्ष यांचा हा झगडा ज्योतिषांत आम्हांला नवा नव्हता. ज्या गोदावरीवर जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा संपते, तिच्याच उत्तर तीरावरील गोलग्रामांतून दिवाकर दैवज्ञाचें घराणें निघालें. दिवाकर, त्याचा मुलगा कृष्ण, नातू नृसिंह, पणतू कमलाकर, अशा चार पिढ्या ज्योतिष चाललें. घराणें पुढें काशीस गेलें आणि कमलाकरानें तेथें १६५८ सालीं ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला. जयपुरास जें नव्हतें तें येथें होतें: वारस. पण कमलाकराएवढ्या बुद्धिमान् गणकानें, उलुगबेगाचें नांव ठाऊक असून, सूर्यसिद्धान्ताला ईश्वरी वचन मानलें आणि त्यांत वेधानें फेरफार करणाऱ्यांवर टीका केली. त्याच्या दीडशें वर्षें आधीं कोंकणांत नांदगांवच्या केशव दैवज्ञानें अगदीं उलट सांगून ठेविलें होतें: ग्रह ग्रंथाप्रमाणें दिसत नाहींत, पुढच्यांनीं वेध घेऊन पुनः पुनः सुधारणा करावी. केशवाचा मुलगा गणेश, ज्याचा ‘ग्रहलाघव’ १५२० पासून महाराष्ट्रांतील पंचांगांना पुरला. पुरला इतका कीं लोकांनीं ग्रंथ ठेविला आणि केशवाचा उपदेश विसरला. एकीकडे परंपरा होती पण तिनें डोळे मिटले. दुसरीकडे डोळे उघडे होते, त्यांना परंपरा मिळाली नाहीं. आम्हांला यांतील दुसरी हानि अधिक दुःखाची वाटते, कारण ती टाळतां येण्यासारखी होती.

पुढची हकीकत थोडक्यांत. मथुरेची वेधशाळा १८५७ च्या थोडी आधीं मोडून विकली गेली. आज तिचा मागमूस नाहीं. जयपूरची १९०१–०२ मध्यें नीट दुरुस्त झाली आणि २०१० सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेली. दरवर्षीं आषाढी पौर्णिमेस सम्राटयंत्राच्या माथ्यावर निशाण धरून वाऱ्यावरून पावसाचें भाकित करण्यास ज्योतिषी जमतात. दोन सेकंद मोजण्यासाठीं बांधलेल्या जिन्याचा हा उपयोग पाहून जयसिंह हसला असता कीं रागावला असता, कोण जाणे. उज्जयिनीची दुरुस्ती माधवराव शिंद्यांनीं १९२३ सालीं केली आणि गोविंद सदाशिव आपटे हे महाराष्ट्रीय ज्योतिषी तेथें अधिकारी झाले. एकशेऐंशी वर्षांनीं का होईना, मराठ्यांनीं ऋण फेडलें असें म्हणावयाचें कोणास वाटेल. आम्हांस त्यांतील चुन्यादगडाच्या कामापेक्षां आपट्यांची नेमणूक महत्त्वाची वाटते. तोंवर केरो लक्ष्मण छत्रे यांचीं कोष्टकें (१८६०) आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ (१८९६) होऊन गेला होता. आकाश आणि पंचांग यांचा मेळ घालण्यासाठीं महाराष्ट्रांत एक पिढी भांडली होती. हीं सर्व माणसें पगारी मास्तर होतीं. राजा त्यांत एकहि नव्हता.

आतां एक गोष्ट, जी त्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशीं सांगावयास हवी होती. आमच्या महाविद्यालयाच्या आवारांत, ग्रंथालयाच्या मागें, पाऊस मोजण्याचें यंत्र आहे. पदार्थविज्ञान शिकविणारे आमचे एक सहकारी सकाळीं साडेआठ वाजतां त्यांतील पाणी मोजीत आणि वहींत लिहीत. एकोणीस वर्षें. रविवार नाहीं, दिवाळी नाहीं. बाहेरगांवीं गेले तर शिपायाला सांगून जात. ज्या जिल्ह्यांत उन्हाळ्यांत टॅंकरची वाट पाहणारीं गांवें आहेत तेथें अशा वहीची किंमत सांगावयास नको. निवृत्त होतांना ते वही घेऊन आमच्याकडे आले; आम्ही शेजारींच राहतों, हें कारण. आम्ही म्हणालों, “ठेवून जा, पाहूं.” त्यांनीं वही ठेविली. आम्हीं ती कपाटांत ठेविली. यंत्राला मात्र तपासणीची समिति येण्यापूर्वीं रंग लावण्यांत येतो, आणि पाहुण्यांना तें दाखविलेंहि जातें. सात वर्षें झालीं.

मे महिन्यांत आम्हीं त्या विद्यार्थ्याला बोलावून वही त्याच्या हातीं दिली. त्यानें शेवटचें पान पाहिलें, मग पहिलें पाहिलें, आणि कांहीं बोलला नाहीं. ७ जूनला मृग लागला त्या दिवशीं सकाळीं त्यानें पहिली नोंद केली: ‘निरंक’. नंतरचे चार दिवसहि निरंक. सहाव्या दिवशीं अकरा मिलिमीटर. मधल्या सात वर्षांसाठीं त्यानें एक पान कोरें सोडलें आहे. येत्या उन्हाळ्यांत त्याची पदवी पुरी होईल आणि तो गांवीं किंवा नोकरीवर जाईल. परवां नोंद करून जातांना तो आमच्या खोलींत डोकावला आणि “सर, पुढच्या जूनला वही कोणाकडे द्यायची?” असें त्यानें विचारलें. आम्हीं त्याला बसावयास सांगितलें आहे तें उद्यां साडेआठला, यंत्रापाशीं.